गाडी सापडली तशी

"रविवारी भंगारवाला येतोय," काकू म्हणाल्या आणि ओठांत धरलेली शेवटची टाचणी त्यांनी कोटाच्या अस्तरात खुपसली.

ही घोषणा जेवायच्या टेबलावर झाली. त्याला जेवायचं टेबल म्हणायचं ते केवळ सवयीनं. एका टोकाला शिलाई मशीन, दुसऱ्या टोकाला इस्त्री, आणि मधल्या मैदानात कापलेल्या बाह्या, न कापलेल्या बाह्या आणि कुणाच्या त्या आता आठवत नाही अशा कॉलरी. काका ताट मांडीवर घेऊन जेवायचे. भाजीत बटण सापडलं तर धुऊन बरणीत टाकायचे. गल्लीतल्या निम्म्या कोटांची बटणं अशी काकांच्या तोंडातून जाऊन आलेली होती.

"भंगारवाला? तो कशाला?" काकांनी विचारलं. कशाला ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"तुमचा तो रथ न्यायला. मागचं गॅरेज मला पाहिजे. तिथे मशीन नेणार, कापायला लांबरुंद फळी टाकणार. एक आरसा लावणार. बायका कपडे घालून बघायला आपल्या न्हाणीघरात जातात, बरं दिसतं का ते?"

"अगं, पण आप्पांची आठवण आहे ती."

"मामंजींचा फोटो आहे भिंतीवर. त्याला जागा कमी लागते."

मागच्या गॅरेजात आप्पांची, म्हणजे काकांच्या वडिलांची, जुनी मोटार उभी होती. ती गाडी म्हणजे खरोखरच एक प्रकरण होतं. चाकं होती, पण फिरत नव्हती. स्टिअरिंग फिरायचं, पण त्याचा चाकांशी संबंध राहिला नव्हता. हॉर्न तेवढा वाजायचा, तोही दार उघडलं की. पण विमा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून काका रोज संध्याकाळी वर्तमानपत्र घेऊन त्या गाडीत जाऊन बसत आणि दार ओढून घेत. आत 'जरा टेपचं ते टोक धरा' असं म्हणणारं कुणी नव्हतं. 'सुईत दोरा ओवून द्या' नव्हतं. दिवसातला तेवढा एक तास काका कुणाचे कुणी नसत. भंगारवाला पत्रा नेणार होता हे खरं, पण काकांच्या दृष्टीनं तो त्यांना राहत्या जागेतून उठवायला येणार होता.

म्हणून काका दुसऱ्याच दिवशी वंशावळ्यांकडे गेले.

वंशावळे हे त्यांचं आडनाव नव्हे, गल्लीनं बहाल केलेली पदवी. शाळेत चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले होते आणि जुन्या गाड्यांच्या मंडळाचे ते प्राण होते. पूर्वी मोटारकंपन्या म्हणे नुसती चासी विकायच्या. म्हणजे इंजिन, चाकं आणि लोखंडी सांगाडा. वरची बॉडी ज्यानं त्यानं आपल्या आवडीच्या कारागिराकडून बनवून घ्यायची, जसं कापड घेऊन शिंप्याकडे जावं तसं. अशा हातानं घडवलेल्या गाड्या ओळखण्यात वंशावळ्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. नवं बाळ बघायला आलेल्या आजीबाईसारखे ते गाडीभोवती फिरत. "नाक आजोळचं आहे. कपाळ बापाचं. पाठीचा हा बाक मात्र मावशीकडून आलाय." ह्या कारागिरानं त्या कारागिराचं काय उचललं, कुणी विमानाकडे बघून शेपूट काढली, कुणी होडीकडे बघून पोट काढलं, सगळ्या कुळकथा त्यांना पाठ. एकदा रस्त्यात त्यांना मागून एका गाडीनं धडक दिली, तर पडल्या पडल्या त्यांनी बंपर कुठल्या घराण्याचा ते सांगितलं होतं.

"फार काही नको," काका म्हणाले. "आमच्या हिच्यासमोर एवढंच म्हणा, की गाडी दुर्मिळ आहे. मोडीत काढण्यासारखी नाही."

"मी खोटं बोलत नाही," वंशावळे म्हणाले. "गेल्या वर्षी सख्ख्या मेहुण्याची गाडी मी नकली ठरवली. तेव्हापासून तो आमच्याकडे येत नाही, बोलत नाही."

"मग?"

"मग काय, सुखात आहोत. पण तत्त्व ते तत्त्व. शनिवारी येऊन बघतो. असेल ते सांगेन."

काका खालमानेनं घरी परतले. कारण गाडीत काय 'असेल ते' त्यांना माहीत होतं. मूळची गाडी झाड पडून चेपली होती. तिची चासी आप्पांनी उचलून आणली आणि पत्र्याच्या ट्रंका बनवणाऱ्या एका दोस्ताला हाताशी धरून त्याच गॅरेजात बॉडी ठोकली. लहानपणी काकांनी स्वतः पत्रा धरला होता. दोस्तानं आयुष्यभर फक्त ट्रंका केल्या होत्या. त्यामुळे दारांना कड्या लावायच्या की कुलपं, ह्यावर दोघांचं आठवडाभर वाजलं होतं.

शनिवारी वंशावळे आले ते बॅटरी, भिंग आणि गुडघ्यांखाली घ्यायची उशी घेऊन. गॅरेजच्या दारात काका उभे, शेजारी कातर घेऊन काकू. वंशावळ्यांनी गाडीला एक फेरी मारली. मग उलटी एक फेरी मारली. बॉनेटला कान लावला. मडगार्डला टिचकी मारली आणि डोळे मिटून तिचा नाद ऐकला. मग उशी टाकून गाडीखाली शिरले आणि बराच वेळ नुसते बूटच दिसत राहिले.

"झोपले का काय?" काकू कुजबुजल्या.

तेवढ्यात ते बाहेर आले. डोक्याला कोळ्याचं जाळं, आणि डोळ्यांत पाणी. त्यांनी सावकाश बूट काढले आणि बाहेर ठेवून आले.

"काका," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ही शेपूट बघितलीत? छतापासून कशी एकदम खाली झेपावलीय! विमानाचा पंख, दुसरं काही नाही. सगळं जग खोकी बनवत होतं, तेव्हा कुणीतरी हे स्वप्न बघितलं."

शेपूट तशी होती, कारण गॅरेजचं छप्पर मागे उतरतं होतं आणि सरळ बॉडी आत मावेना. काकांनी नुसती मान डोलावली.

"आणि हे मडगार्ड. डावं उजव्याहून मोठं. मुद्दाम!"

"अशा दोन बाह्या लहानमोठ्या झाल्या की गिऱ्हाईक माझ्या तोंडावर आणून टाकतं," काकू म्हणाल्या.

"बाई, ते कपड्यात. कलेत ह्याला धाडस म्हणतात."

"मीही तेच म्हणते त्यांना. ऐकत नाहीत."

वंशावळ्यांनी दार उघडलं. हॉर्न वाजला. ते दचकले नाहीत. उलट त्यांनी मान लववली. "दारं मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेली. आणि उघडताना ललकारी! अहो, ही मामुली गाडी नाही. समुद्रापलीकडे एक थोरला मेस्त्री होऊन गेला. जन्मभरात त्यानं हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच बॉड्या घडवल्या आणि नंतर कुठे गेला ते कुणाला कळलं नाही. आम्ही मंडळी वर्षानुवर्षं त्याची हरवलेली गाडी शोधतोय." त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. "ती तुमच्या गॅरेजात आहे."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी छपराकडे पाहिलं.

रविवारी भंगारवाला आला तेव्हा वंशावळे दोन्ही हात पसरून गॅरेजच्या दारात उभे होते, आणि त्यांच्यामागे अख्खं मंडळ. "एवढ्याशा पत्र्याला एवढी माणसं?" असं म्हणून तो बिचारा काकूंची मोडकी इस्त्री घेऊन गेला. त्या रात्री काका जेवताना चक्क गुणगुणत होते. काकूंनी मशीन मात्र फार जोरात चालवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका वर्तमानपत्र बगलेत मारून, हलक्या पावलांनी गॅरेजात शिरले आणि गाडीच्या दाराला हात घातला.

"हात काढा!"

आतल्या अंधारातून वंशावळे उठले. गाडीभोवती दोरी बांधली होती.

"अहो, मी आहे. मालक."

"मालकच सगळ्यात जास्त नुकसान करतात. हे बघा काका, गाडी मूळची असते ती एकदाच. तुम्ही बसलात, घाम लागला, संपलं. आमच्या मंडळाचा नियम एकच: सापडली तशी! जे सापडलं ते तसंच्या तसं. काढायचं नाही, घालायचं नाही, पुसायचं नाही."

"निदान धूळ तरी झटकतो."

"धूळ मूळची आहे!"

काका दोरीबाहेर एका पालथ्या बादलीवर बसून वर्तमानपत्र वाचू लागले. बादली डुगडुगत होती. शिवाय बघायला माणसं येऊ लागली होती. कुणी भिंग घेऊन, कुणी वही घेऊन, तर कुणी नुसताच गळा काढायला. प्रत्येकाचा आपला निराळा सिद्धान्त. एक म्हणे, नाकावर आगगाडीच्या इंजिनाचा प्रभाव आहे. दुसरा म्हणे, छे, जहाजाचा. दोघांची जुंपली की काका बादली घेऊन कोपऱ्यात सरकत. सरकता सरकता ते एके दिवशी अंगणात पोचले. आणि आल्यागेल्याला चहा कोण करणार? काकू. भंगारवाल्याला द्यायच्या वस्तूंच्या काकूंच्या यादीत आता काकांचंही नाव लागलं.

"बोलवा, अजून बोलवा तज्ज्ञ!" त्या म्हणाल्या. "माझं गॅरेज गेलं ते गेलंच, वर माझं स्वैपाकघर स्टेशनावरचं करून ठेवलंत. आणि तुम्हाला तरी काय मिळालं हो? बादली!"

काकांना ते लागलं. त्यांनी ठरवलं, आता खरं सांगून टाकायचं. गाडी साधी ठरली तर मंडळी जातील, दोरी जाईल आणि भंगारवाल्याचं पुढचं पुढे बघता येईल.

"वंशावळे," ते म्हणाले, "ही गाडी आमच्या आप्पांनी बनवली. एका ट्रंकवाल्याला घेऊन. मी पत्रा धरला होता."

वंशावळे प्रेमानं हसले. "घराण्यात अशा दंतकथा असतातच."

"दंतकथा नाही हो! शेपटीचं म्हणाल तर ते वर छप्पर बघा. तो उतार आणि हा उतार एकच आहे."

वंशावळ्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, पुन्हा वर बघितलं. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे हे छप्पर गाडीवरून बांधलं!"

"मडगार्ड लहान आहे, कारण पत्रा संपला!"

"महान माणसांचं सामान नेहमी संपतं."

"दारांच्या बिजागऱ्या चुकून उलट्या बसल्या. आप्पांनी त्यावरून ट्रंकवाल्याला शिव्या दिल्या. माझ्या कानांनी ऐकल्यात."

"कुठल्या भाषेत?"

"कुठल्या म्हणजे? आपल्याच!"

"हं. म्हणजे तो भाषा शिकला होता." वंशावळे गंभीर झाले. त्यांनी आवाज उतरवला. "काका, तुमचा हा ट्रंकवाला. कुठून आला होता? त्याचं मूळ गाव? आईबाप?"

"मला काय माहीत? आमच्या जन्माआधीपासून होता तो इथे."

"बघा! कुणालाच माहीत नाही!" वंशावळ्यांनी काकांचे दोन्ही हात हातात घेतले. "थोरला मेस्त्री कुठे गेला, हे कोडं तुम्ही आज सोडवलंत. तो इथे आला. ओळख लपवली आणि ट्रंका केल्या."

दोन दिवसांत काकांच्या घरातली आप्पांच्या काळातली ट्रंक, आत काकूंच्या हिवाळी रजया असताना, मंडळानं भिंगाखाली घातली.

बातमी संग्रहालयापर्यंत गेली. संग्रहालयाच्या मुख्य बाई स्वतः आल्या. त्या कमी बोलायच्या आणि सगळ्यात आधी पायाखाली बघायच्या. गॅरेजच्या फरशीवर बघून त्या म्हणाल्या, "इथे ओल आहे. गाडी गंजेल. आमच्याकडे कोरडं दालन आहे, पहारा आहे. कायमची आमच्याकडे द्या. योग्य तो मान राखू."

काका तोंड उघडणार, तोच काकू म्हणाल्या, "कधी नेता?"

"अगं पण..."

"दुर्मिळ आहे हो ती! तुम्हीच नाही का तज्ज्ञ आणलेत? दुर्मिळ वस्तू घरात ठेवायची म्हणजे काय जोखीम! मला तर रात्र रात्र झोप नाही."

काकूंना रात्र रात्र कशी झोप लागे हे काका शेजारी पडून ऐकत आले होते. पण बोलायची सोय राहिली नव्हती. त्यांनीच लावलेला वेल त्यांच्याच गळ्याभोवती आला होता. गाडी ट्रकवर चढली. चढताना दार उघडलं, हॉर्न वाजला, आणि मंडळातले दोघे जण रडले. काका तिसरे, पण त्यांचं कारण वेगळं होतं.

त्याच संध्याकाळी काकूंनी गॅरेजला चुना लावला. मशीन गेलं, फळी आली, आरसा आला, पडदा आला. जेवायच्या टेबलावर ताट ठेवायला जागा झाली. काकूंनी पहिल्या दिवशी फळीवर अख्खा कोट घडी न घालता पसरला आणि त्याकडे बघत त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांना पूर्ण कोट एकदम कधी दिसलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडदा सरकवून काका आत आले. हातात वर्तमानपत्र, बगलेत बादली.

"हे काय?"

"बसतो जरा. तू कर तुझं काम."

काकूंनी मनात म्हटलं, बसू दे, माणूसच आहे. पण गाडीत बसणारे काका आणि बादलीवर बसणारे काका ह्यांत फरक होता. गाडीत दार बंद असायचं. इथे काका बातम्या मोठ्यानं वाचू लागले. मग बातम्यांवर बोलू लागले. मग बातम्या संपल्या, आणि त्यांचं लक्ष शिवणाकडे गेलं. एवढे दिवस वंशावळ्यांच्या सहवासात काढलेले; त्याचा गुण आल्याशिवाय कसा राहील?

डॉक्टरीणबाई कोट घालून आरशासमोर उभ्या होत्या. काकांनी चष्मा सावरला.

"खांदे तुमच्या वडिलांचे दिसतात," ते म्हणाले.

"काय?"

"नाही, खांदे. ही ठेवण पुरुषी आहे. कमरेकडे मात्र आजोळचा प्रभाव आलाय. आणि मागे जो उतार हवा तो एकदम..."

डॉक्टरीणबाई कोट तिथेच टाकून गेल्या. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिकांच्या बाबतीत काकांनी डावीउजवी बाजू सारखी नसल्याचं दाखवून दिलं आणि त्याला धाडस म्हटलं. त्या गेल्या त्या आपलं कापड घेऊनच गेल्या. आठवडा संपायच्या आत काकूंच्या नव्याकोऱ्या दुकानात कोरी फळी, कोरा आरसा आणि काका एवढंच उरलं.

"अहो, जरा बाहेर फिरून या ना."

"कुठे?"

"कुठेही!"

"बाहेर काय आहे? इथे बरं वाटतं. माझी सवयीची जागा आहे ही. फक्त मधे भिंत नाही, म्हणजे गाडी नाही, एवढंच."

काकूंनी हातातली कातर खाली ठेवली. एवढी वर्षं आपण ज्याला अडगळ म्हणत होतो, ती नवरा ठेवायची पेटी होती, हे त्यांच्या ध्यानात आलं. आणि पेटी तर आपणच देऊन बसलो.

त्या उठल्या. "चपला घाला. चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"तुमच्या गाडीकडे."

संग्रहालयाच्या कोरड्या दालनात गाडी चौथऱ्यावर उभी होती. वर दिवे, भोवती लाल दोरी, पुढे पाटी. पाटीवर नाकाचे, शेपटीचे आणि मडगार्डाचे प्रभाव दिले होते. शेवटी बारीक अक्षरांत आप्पांचं नाव होतं, 'साहाय्यक' म्हणून. वंशावळे लोकांना माहिती सांगत होते. मुख्य बाईही तिथेच होत्या. काकूंनी दोघांना बाजूला घेतलं.

"गाडी परत द्या."

"कायमची दिलेली वस्तू परत देत नाही," मुख्य बाई म्हणाल्या.

"ती मामंजींनी ट्रंकवाल्याला घेऊन ठोकलीय हो."

"ते पाटीवर आहे," वंशावळे म्हणाले.

काका हताश होऊन दोरीपाशी उभे होते. काकूंनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा गाडीकडे, एकदा काकांकडे. कापड अपुरं पडलं की त्या असंच बघत. उलटसुलट ठेवून बघत आणि कुठून तरी तुकडा काढत.

"बरं, राहू दे," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "मला एक सांगा मास्तर. तुमचा तो नियम काय? सापडली तशी ना?"

"सापडली तशी!" वंशावळे ताठ झाले. "त्यात तडजोड नाही."

"जे सापडलं ते तसंच ठेवायचं. काढायचं नाही?"

"एक खिळासुद्धा नाही. आम्ही ट्रकवरून आणताना धूळ कागदानं झाकून आणली."

"वा! मग तुम्ही पहिल्यांदा आलात, त्याच्या आदल्या संध्याकाळी ह्या गाडीत काय होतं?"

"काय होतं?"

"हे होते." काकूंनी काकांना दंडाला धरून पुढे केलं. "त्याच्या आदल्या दिवशीही हेच होते. त्याच्याही आदल्या दिवशी. धूळ तुम्ही आणलीत, कोळ्याची जाळी आणलीत, फुटकी काच आणलीत. आणि मधला अख्खा माणूस माझ्या घरी विसरलात? ह्याला सापडली तशी म्हणतात?"

वंशावळ्यांनी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. तत्त्वाचा माणूस तो. त्यांनी खिशातून भिंग काढलं, दोरी ओलांडली आणि ते दाराच्या काचेतून सीटवर वाकले. गादीवर एक खड्डा होता. त्यांनी काकांना वळायला सांगितलं. काका वळले. वंशावळ्यांनी खड्डा बघितला, काकांना मागून बघितलं, परत खड्डा बघितला.

"बाई," ते मुख्य बाईंना म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, "जुळतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण अर्धीच वस्तू मांडलीय. बाहेरच्या तज्ज्ञांना कळलं तर काय म्हणतील? हे... हे मूळचे आहेत."

मुख्य बाई काकांच्या पायाखाली बघत राहिल्या. "ओल तर नाही ना?"

"अगदी कोरडे आहेत," काकूंनी ग्वाही दिली. "फक्त वर्तमानपत्र लागतं. रोजचं."

दोरी सोडण्यात आली. दार उघडलं, हॉर्न वाजला. काका आत बसले आणि त्या खड्ड्यात असे काही बसले, की दालनात उभ्या असलेल्या मंडळींनी आपोआप टाळ्या वाजवल्या. काकांनी दार ओढून घेतलं, वर्तमानपत्र उघडलं आणि कितीतरी दिवसांनी पाय लांब केले.

तेव्हापासून काका सकाळी डबा घेऊन जाऊ लागले आणि संग्रहालय बंद झालं की घरी येऊ लागले. मंडळानं त्यांना दाढी करायची बंदी घालून पाहिली, पण सापडले तेव्हा केलेली होती, असं काकूंनी ठणकावून सांगितल्यावर तो प्रश्न मिटला. गॅरेजात डॉक्टरीणबाई परत आल्या, मुख्याध्यापिका परत आल्या. मशीन दिवसभर चालू लागलं.

एकच कुरबूर झाली. लोक काचेवर टकटक करून विचारायचे, "ही गाडी कुणी हो बनवली?" आणि काका कागद खाली घेऊन अगदी खरं खरं सांगायचे, आप्पा, ट्रंकवाला, संपलेला पत्रा, सगळं. पाटीवर एक, आत बसलेल्या माणसाच्या तोंडी दुसरं. मुख्य बाईंनी विचार केला आणि दोरीला नवी पाटी लावली: 'मांडलेल्या वस्तूंशी बोलू नये. वस्तूंनी उत्तर देऊ नये.'

पुढे एका दुपारी काकू लगबगीनं संग्रहालयात आल्या. कपाटाची किल्ली काकांनी कुठे ठेवली ते त्यांना विचारायचं होतं. कपाटात डॉक्टरीणबाईंचा तयार कोट होता आणि बाई गॅरेजात ताटकळत उभ्या होत्या. काकू थेट दोरीपाशी गेल्या.

"अहो! कपाटाची किल्ली कुठाय?"

वर्तमानपत्र हललं नाही.

"अहो, ऐकू येतंय ना? किल्ली!"

"ओ बाई," पहारेकरी धावत आला. "मागे व्हा. वस्तूंशी बोलायला मनाई आहे."

"अहो, माझे आहेत ते!"

"होते. आता इथले आहेत. मागे व्हा."

काकूंनी कमरेवर हात ठेवले. वर्तमानपत्र सावकाश, अगदी दोन बोटं खाली आलं. वर काकांचे डोळे दिसले. एवढ्या वर्षांच्या संसारात काकूंच्या प्रश्नाला उत्तर न देण्याचा अधिकार त्यांना पहिल्यांदाच मिळाला होता, तोही लेखी. मग वर्तमानपत्राच्या कडेनं त्यांचं एक बोट बाहेर आलं आणि अदबीनं पाटीकडे वळलं.

काकूंनी पाटी वाचली. नीट, शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. मग त्या पहारेकऱ्याकडे वळल्या आणि त्यांनी अतिशय शांतपणे विचारलं,

"का हो, संध्याकाळी बंद होतं ना हे तुमचं संग्रहालय?"

गाडीत वर्तमानपत्र थरथरलं.